शिरपाची सायकल

परीक्षेच्या खोलीतला आरोपी यंत्रमानव होता. नाव शिरपा, गुन्हा सायकलचोरी. शिकाऊ पोलिसांवर त्याचा भारी जीव. कुणी दरडावायच्या आधीच तो सगळं कबूल करून टाकायचा. त्याने कबूल केलेल्या सायकली जिल्ह्यात तरी होत्या की नाही, कोण जाणे.

कबुली नाही तर वर्दी नाही, असं सगळी तुकडी धरून चालली होती. तरी उर्मिला गावितने समोर बसताच सांगितलं, "शिरपा, स्वतःविरुद्ध बोलायची तुझ्यावर सक्ती नाही. गप्प बसायचा तुला हक्क आहे."

हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी गप्प बसलो तर तुम्ही नापास व्हाल, मॅडम?"

"होईन बहुतेक."

"मग केली मी चोरी. दोन सायकली लिहा."

"गप्प बस रे बाबा," म्हणत तिने त्याच्या गार हातावर हात ठेवला.

घंटा होईपर्यंत दोघं तशीच बसली.

परीक्षक वाघमोडे साहेबांनी चष्मा पुसला. "गावित, तुकडीत तू एकटीच पास. शिरपा, तू सुटलास."

"सुटल्यावर काय करायचं असतं, साहेब?"

साहेब पुन्हा चष्मा पुसू लागले.

"चल," उर्मिला म्हणाली, "तुला सायकल शिकवते."