पेटी पोहोचली

पडद्यावरचा हिरवा ठिपका पिवळा झाला आणि चिमणी खुर्चीत सरसावून बसली. पेटी तापू लागली होती.

आवाज नाजूक म्हणून ऑफिसात सगळे तिला चिमणी म्हणत. कंपनीचं काम थंड औषधं घरोघर पोहोचवण्याचं. पूर्वी बर्फाच्या पिशव्या टाकून पेटी रवाना करायची आणि देवावर हवाला ठेवायचा. औषध वाटेत नासलं तरी कुणाला पत्ता लागत नसे. आता प्रत्येक पेटीच्या झाकणात सेन्सर होता. पेटी कुठे आहे, आत किती थंड आहे, कुणी आपटली का, झाकण उघडलं का, सगळं चिमणीला जागेवर बसून दिसे.

तिने व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याला सगळेच मामा म्हणत.

"मामा, गाडी का थांबलीय?"

"पुलावर टँकर आडवा झालाय गं. आणि त्यातच मागच्या फ्रिजनं मान टाकलीय."

पेटीत एका बाईचं इंजेक्शन होतं. सहजासहजी न मिळणारं. डोस चुकला की तिचा घसा सुजायचा, श्वास अडायचा. चिमणीने त्या बाईला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तेच.

तेवढ्यात तिच्याच टेबलावरचा फोन वाजला.

"मी तिचा नवरा बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याने बायकोचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, इंजेक्शनचंही सांगितलं. "औषध निघाल्याचा तुमचा मेसेज आलाय मला. पण ती फोन उचलत नाही. एकटी आहे हो ती." त्याचा आवाज रडवेला झाला.

पेशंटशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, असा नियम होता. चिमणीने साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिची आई अशीच एकदा फोन उचलेना, तेव्हा ती धावत घरी गेली होती, तर आई साखर उतरून ओट्याखाली पडलेली. तेव्हापासून कुणी फोन उचलला नाही की चिमणीला आधी तो ओटाच दिसे.

"पेटी वाटेत अडकलीय," ती म्हणाली. "पण मी काहीतरी मार्ग काढते."

"मी गाडीतच आहे, तिच्याकडेच निघालोय. सारखा फोन करून तुम्हाला कशाला त्रास देऊ? ती लिंक असते ना, पेटी कुठवर आली ते दिसतं? तेवढी पाठवा. जीव टांगणीला लागलाय माझा."

तिने लिंक पाठवली.

पुलाच्या पलीकडे कंपनीची दुसरी व्हॅन पडद्यावर दिसत होती, फ्रिज चालू असलेली. चिमणीने ती पुलाकडे वळवली. मामा पेटी छातीशी धरून अडकलेल्या गाड्यांमधून चालत निघाले. त्यांच्या प्रत्येक पावलासरशी पडद्यावरची धक्के दाखवणारी रेघ थरथरत होती, आणि पेटीचं तापमान चढतच होतं.

"मामा, धावू नका, पडाल!"

"धावतोय कुठला! गुडघे काय म्हणतायत ते विचार!"

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

औषध वाया जायला जरासंच बाकी असताना पेटी दुसऱ्या व्हॅनमध्ये चढली. आकडा अडला, मग उतरू लागला. ठिपका हिरवा झाला. मोठा रस्ता सोडून तो एका गल्लीत शिरला आणि थांबला.

नव्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, बेल वाजवतोय, कुणी दार उघडत नाही."

चिमणी उठून उभी राहिली. "आत कुणी आहे का बघ ना!"

"खिडकीचा पडदा हलला आत्ता. थांबा... पायरीवर ठेवा आणि जा, म्हणतायत बाई आतून."

"आवाज कसा होता?"

"घाबरल्यासारखा. धाप लागलेली."

घसा सुजायला लागला असणार. दारापर्यंत यायचंही त्राण नसेल. ड्रायव्हरला पुढच्या पेट्या पोहोचवायच्या होत्या, तो निघून गेला. चिमणी झाकणाच्या खुणेवर डोळे लावून बसली. झाकण बंद. अजून बंद. नखं कुरतडून तिचं बोट रक्ताळलं.

मग रेघ हलली. कुणीतरी पेटी उचलली होती. आणि झाकण उघडलं.

तिने त्या बाईच्या नवऱ्याला फोन लावला. "उघडली! पेटी उघडली त्यांनी!"

"म्हणजे घरातच आहे ती? नक्की?"

"नक्की."

त्याने मोठा श्वास सोडला. "पोहोचलोच मी. तुमचे उपकार विसरणार नाही."

चिमणीने डोकं टेबलावर टेकवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. पुन्हा फोन वाजला, तेव्हा पडद्यावर त्या बाईचाच नंबर होता.

"मघाशी तुम्हीच फोन करत होतात ना? माफ करा, अनोळखी नंबर मी उचलत नाही."

"बऱ्या आहात ना तुम्ही?"

"हो, टोचून घेतलं. आता घसा मोकळा होईल. एक काम कराल? तुमचे मेसेज माझ्या जुन्या नंबरवर जात असतील, तर तो नंबर काढून टाका. तो फोन नवऱ्याकडे राहिलाय. मी कुठे आहे ते त्याला कळलं, तर या वेळी तो मला जिवंत सोडणार नाही."

चिमणीची नजर पडद्यावर गेली, मघाशी पाठवलेल्या लिंकवर.

"एक मिनिट हं, बेल वाजतेय," बाई म्हणाली. "तुमचाच माणूस असेल, रिकामी पेटी न्यायला आलेला. मघाशी बिचाऱ्याला दारातूनच घालवलं मी, निदान आता तरी दार उघडते."