कायम होण्याच्या बेतात

"त्याला का काढलंत, तेवढं सांगा," कल्याणी उभ्यानेच म्हणाली.

"आपण बसा ना," विश्वजीत म्हणाला. खराडीतल्या त्या चकचकीत इमारतीच्या साफसफाईचा ठेका त्याच्याकडे होता. बेघरांना काम मिळवून देणारी कल्याणीची संस्थाच त्याला निम्मी माणसं पुरवायची.

"बसायला आलेली नाही मी."

तिच्या मागे दारात मच्छिंद्र उभा होता. अंगात अजून कामावरचा निळा शर्ट, हातात कपड्यांची पिशवी. खडकीतली भाड्याची खोली सुटली होती आणि तो पुन्हा मंडईजवळच्या फुटपाथवर आला होता. येत्या मे महिन्यात मुलीला वसतिगृहातून खोलीवर आणायचं त्याने कबूल केलं होतं. खोली गेल्याचं तिला अजून सांगितलं नव्हतं.

हे तिसऱ्यांदा होत होतं. काम चोख, दांडी नाही, दारू नाही. तरी कायम होण्याच्या बेतात आला की बाहेर. मग नवी जागा आणि पुन्हा नवख्याचा पगार. ठेकेदारांची ही खोड कल्याणीला पाठ होती. फरशी पुसणारा माणूस एका जागी टिकला तर यांच्या पोटात का दुखतं, हे मात्र तिला कधी कळलं नव्हतं. आज तिचं डोकं पार फिरलं होतं.

"ताई, ऱ्हाऊ द्या," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "आमोद सर लावत्यात की दुसरीकडं. दोन्ही येळंला त्यांनीच लावलं. लई जीव हाय त्यांचा."

आमोद सर संस्थेचे प्रमुख. सकाळी त्यांनीही तिला तेच सांगितलं होतं. ठेकेदाराशी भांडण्यात वेळ घालवू नकोस, मी बघतोय त्याच्यासाठी. ती न ऐकता आली होती.

"राहू द्या काय? मुलीला काय सांगणार आहात?" ती मच्छिंद्रवरच उखडली.

"माणूस चांगला आहे," विश्वजीत म्हणाला. "पुढच्या महिन्यात त्याला मी मुकादम करणार होतो. पगार वाढवून."

"अच्छा. म्हणून हाकललंत."

"काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या, मॅडम. मला तुमच्याकडून माणसं लागतात."

"मग मी कामगार आयुक्तांकडे जाऊन विचारते. तुमचं नाव घेऊन."

हे मात्र त्याला झोंबलं. त्याने मोबाईल उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"बोला, विश्वजीत," पलीकडून आमोद सरांचा आवाज आला.

"सर, मच्छिंद्रबद्दल परत विचारतोय. राहू द्या ना त्याला माझ्याकडे. कायम करतो."

"अहो, तेच तर नको म्हणालो ना तुम्हाला? मार्च तोंडावर आलाय. यंदा नव्याने किती जणांना काम दिलं, एवढंच देणगीदार विचारतात. मच्छिंद्र कुठेही लावला तरी लागतो. तो एकदा कायम झाला, तर नवीन म्हणून मी दाखवू कोणाला?"