घराची लस

ज्या घरात रांगत मोठा झाला, त्याच घरात यायला उदयला आता लस लागत होती, हेच द्वारकाबाईंना पटत नव्हतं. नॉर्वेतून कुणी उष्ण देशात निघालं की ज्या घरी उतरायचं त्या घरचा केर आधी तिकडे जायचा. त्यातल्या जंतूंवरून त्या घरापुरती लस बनायची. ती टोचल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू देत नसत.

केर न्यायला माणूस येणार म्हणून द्वारकाबाईंनी आदल्या दिवशी घर फिनाइलने दोनदोनदा पुसून काढलं. चोपडा गावात त्यांच्या घराला कधी कुणी नावं ठेवली नव्हती, मग परदेशात का ठेवून घ्यावीत? त्या माणसाच्या डबीत काहीच सापडलं नाही.

"आई, लस बनलीच नाही," उदय पडद्यावरून म्हणाला. त्याच्या मांडीवरची नात टकमक बघत होती. तिला द्वारकाबाईंनी अजून हातही लावला नव्हता. "दिवाळीपर्यंत घर झाडू नकोस. मग पुन्हा केर नेतील."

"आणि शेजारणी तोंडात शेण घालतील त्याचं काय?"

"मग नाही येता येणार, आई."

द्वारकाबाईंनी लख्ख फरशीकडे पाहिलं. तिच्यावर पाऊल उमटवणारं त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्या उठल्या, केरसुणीला हात जोडले आणि तिला माळ्यावर टाकलं.

"ऐक मेल्या. तुझ्यापायी मी गावात घाणेरडी म्हणवून घेते. पण आलास की पोर आधी माझ्या मांडीवर द्यायची, आणि केरसुणी तू हातात घ्यायची."