लोखंडी कान

शेवटचा यंत्रमाग टेम्पोत चढला आणि उदयसिंहानं हुश्श केलं. कबनूरला त्यांचं घर वर आणि मागांची शेड खाली. जन्मल्यापासून तळपायाखाली खटखट, खटखट.

"वाईट वाटून घेऊ नका आबा. ह्या दणक्यात मला एक गाणं धड ऐकाय येत न्हवतं."

त्याच्या वडिलांनी, पिराजीआबांनी, टेम्पोवरची नजर काढली नाही. "त्याच दणक्यात मोठा झालास की रं," एवढंच म्हणाले.

टेम्पो पेठ वडगावला गेला. तिथल्या एकानं माग चालवायलाच घेतले होते. भंगारात गेले नाहीत, हेच काय ते आबांचं समाधान.

इंटरनेटवर उदयसिंहाला 'लोखंडी कान' म्हणत. हेवी मेटलचा नवा अल्बम आला की मराठी पोरं आधी त्याचं परीक्षण वाचत, मग गाणी ऐकत. त्याची कसोटी ठरलेली होती. खऱ्या मेटलमध्ये सगळ्या गिटारींच्या तळाशी एक ठोका असतो आणि तो कानातून नाही, तळपायातून वर येतो, असं तो लिही. त्या ठोक्याशी ज्याचा मेळ बसे त्या बँडला तो डोक्यावर घेई. ज्याचा बसत नसे, त्याची सालटी काढी.

पेठ वडगावच्या गुंडू नावाच्या वाचकाला हा ठोका कधीच सापडला नाही. त्यानं महागडे हेडफोन घेतले. अनवाणी बसून ऐकलं. शेवटी बिचाऱ्यानं विचारलं, तेव्हा लोखंडी कानानं सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "नुसते हेडफोन असून भागत नाही. कानही लागतात." पोरं पोट धरून हसली होती.

आता फिनलंडच्या एका बँडनं नवा अल्बम बाहेर यायच्या आधी खास त्याच्याकडं पाठवला होता. एवढ्यासाठीच तर तो माग विका म्हणून आबांच्या हात धुऊन मागं लागला होता. त्यानं खिडक्या लावल्या, हेडफोन चढवले, डोळे मिटले.

अल्बम बिनमिठाच्या रश्श्यासारखा लागला. त्यानं आवाज वाढवला. तरी तेच. मग त्यानं आपला सगळ्यात लाडका जुना अल्बम लावला, ज्याला त्यानं दहापैकी दहा दिले होते. तोही अळणी. त्यानं चपला काढून पाय फरशीवर टेकले.

फरशी गप्प होती.

उदयसिंहाला आता उमगलं. इतकी वर्षं त्यानं जगभरच्या बँडांना वाटलेली शाबासकी खरं तर आबांच्या मागांच्या ठोक्याची होती. आणि ते माग त्यानंच हट्टानं विकायला लावले होते.

खाली आबा पायरीवर बसले होते. दुपारची त्यांची झोप कधी चुकत नसे. "डोळा लागंना," ते म्हणाले. "शांततेनं कान दुखाय लागलेत." उदयसिंहाला रडू आलं, पण खरं सांगायला तोंड उघडेना.

खरं लिहायलाही त्याचा हात धजला नाही. 'वैयक्तिक कारणामुळे लोखंडी कान आजपासून परीक्षण लिहिणं थांबवत आहे,' एवढंच टाकून तो मोकळा झाला. पोस्टखाली हळहळीचा पूर आला. 'असा कान पुन्हा होणे नाही,' असं कुणीतरी लिहिलं. ते वाचून तो अर्धमेला झाला.

आठवड्यानं त्याच पोस्टखाली गुंडूचा मजकूर आला.

"सर, लिहायचं थांबू नका! परवा तुमचा ठोका मला सापडला बघा. पार तळपायातनं वर आला, अंगावर काटा आला. आता एकच अडचण हाय. शेजारी कुणीतरी जुने माग आणून बसवल्यात, त्या खटखटीत नीट ऐकाय येत न्हाय. आज गल्लीतल्यांच्या सह्या घेऊन ते बंदच पाडतो, मग निवांत ऐकतो."