पुढच्या डिसेंबरची क्रूझ

“अम्मी, क्रूझ पुढच्या डिसेंबरची आहे, पण आत्ताच बुक केली तर स्वस्त पडते,” फैझान दुबईहून फोनवर सांगत होता.

अजराला संशय आला. रत्नागिरीला यायचं तिकीटही ऐनवेळी काढणारा पोरगा वर्षभर आधी बुकिंग करतोय?

“बोट सुटते कुठून?”

“इथूनच. तू आणि अब्बा माझ्याकडे या, मग सोबत निघू.”

“पुढच्या डिसेंबरात?”

“हो. का गं?”

“काही नाही. कर बुक.”

फोन ठेवून ती मागल्या दारी आली. येत्या ईदला पोरगा कायमचा घरी येणार, मासेमारी सांभाळणार, म्हणून तिचा नवरा कमाल होडी रंगवत होता.

“अहो, रंग पुरे,” ती म्हणाली. “होडीला गिऱ्हाईक बघा.”