कारागीर पाहिजे

"हाही नको," न्हावी म्हणाला आणि अर्ध्या दाढीचा फेस पुसत खुर्चीतून उठला.

डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. बाकावर पेपर वाचत बसलेले निवृत्त मास्तर म्हणाले, "अरे, तू कारागीर शोधतोयस की जावई?"

दुकानात खुर्च्या दोन. एकीमागे न्हावी उभा राही, दुसरीमागे त्याचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्याच्या हातात कात्री दिली होती. तो दादा एका सकाळी गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावता लावता कोसळला. गिऱ्हाईक बिचारं बराच वेळ मान खाली घालूनच बसून होतं.

वहिनी ऊर फुटेस्तोवर रडली, मग हळूहळू सावरली. न्हावी रडला नाही. भेटायला येणारे दोन शब्द बोलून झाले की कल्ले किती ठेवायचे तेही सांगत. तो तेवढेच ठेवी. भाजीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवे.

"एकदा मोकळे व्हा हो," बायको म्हणे.

"रडू आलं की रडतो," तो म्हणे. रडायला त्याची ना नव्हती.

दोन घरांच्या चुली एका माणसाच्या हातावर पेटेनात, म्हणून बायकोच्या आग्रहाने दारावर पाटी लागली. न्हावी येईल त्याच्याकडून डोळे मिटून स्वतःची दाढी करून घेई आणि नको म्हणे. एक तर थेट दादासारखा डावखुरा होता, हात लोण्यासारखा. तोही नको. बायकोला वाटलं, सारखेपणा सोसवत नसेल.

शेवटी एक पोक्त कारागीर आला. उजव्या हाताचा, अबोल, संथ. दाढी झाल्यावर न्हाव्याने गालावरून हात फिरवला.

"आत्ताच लागा कामाला."

बायकोच्या जिवात जीव आला. "सुटलो रे बाबा!" मास्तर म्हणाले.

कारागीर दादाच्या खुर्चीवरची धूळ झटकायला गेला.

"तिला हात लावू नका. ती दादाची." न्हाव्याने आपली कात्री आणि कंगवा उचलून त्याच्या हातात दिले. "तुम्ही इथे."

बायकोला हसू आलं. "अहो, मग तुम्ही कुठे उभे राहणार?"

"मी?" न्हाव्याने एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली. "माझ्याच जागी तर माणूस शोधत होतो."