गुरुजींचा मुलगा

“हे काय आहे, दादा? वाच.”

कुलदीपने पुठ्ठ्यावरच्या शब्दाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग ओसरीच्या टोकाला पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे. त्याच्या कपाळावर घाम आला. दिवाळी होऊन गेली होती, सौंसरच्या हवेत चांगलाच गारवा होता. सकाळपासून त्याने बागेतली संत्री तोडून गाडीत भरली होती. तेव्हा घाम आला नव्हता.

“घर,” तो म्हणाला.

शब्द ‘धर’ होता.

“बरोबर-चूक सोड,” दामिनी म्हणाली. “तुले दिसते कसं, ते सांग.”

तो खाली पाहत राहिला. “अक्षरं एका जागी राहत नाहीत. मी पाहून राहिलो असतो अन् ते सरकतात. हासू नको.”

दामिनी हसली नाही. हेच वाक्य तिने पुस्तकात वाचलं होतं.

भगवंतराव गुरुजी म्हणजे रामाकोन्याच्या पट्ट्यात मोठं नाव. त्यांच्या हाताखालचं पोर पाचवीत गेलं, की घडाघडा पेपर वाचायचं. त्यांचा स्वतःचा मुलगा कुलदीप मात्र तिसरीत अडला तो अडलाच. गुरुजींनी त्याला छडीने मारलं, उन्हात उभं केलं, एकदा दप्तरासकट दिवसभर गोठ्यात कोंडलं. आई देवकाबाई मधे पडली, तर तिलाही चार शब्द ऐकावे लागले. शेवटी शाळेतून नाव काढलं आणि पोराला बागेत जुंपलं. ‘ढ’ हे त्याचं घरातलं नाव झालं. पाहुण्यांसमोरसुद्धा.

पुढे तो पांढुर्ण्याला मुलगी पाहायला गेला. मुलीच्या मामाने सहज म्हणून त्याच्या हातात पेपर दिला आणि विचारलं, संत्र्याचा भाव काय आलाय पाहा. कुलदीप चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर तो कुठेच मुलगी पाहायला गेला नाही. मोबाईलवर तो फक्त बोललेले निरोप पाठवायचा आणि नागपूरची बस कंडक्टरच्या चेहऱ्यावरून ओळखायचा.

दामिनी शिकत गेली. तिला वर्ग एकची, म्हणजे अकरावी-बारावीची शिक्षिका झालेलं पाहायचं, हा गुरुजींचा ध्यास होता. त्यांनीच तिला नागपूरला बी.एड.ला घातलं. पहिलं वर्ष तिने रेटून काढलं. पाठाचं टाचण, फळा, पुन्हा टाचण. मग एके दिवशी तासाला मॅडमनी एका मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मुलगा अडखळत होता, अंदाजाने शब्द ठोकून देत होता, मधेच गप्प होत होता. दामिनीने पेन खाली ठेवलं. हा तर दादा!

“मुलगा हुशार आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्याला डिस्लेक्सिया आहे. लहानपणी ओळखलं आणि वेगळ्या पद्धतीने शिकवलं, तर अशी मुलं वाचायला लागतात.”

आपण आयुष्यभर अशाच मुलांना शिकवायचं, हे दामिनीने त्या बाकावर बसल्या बसल्या ठरवलं.

तिने हे कळवलं, तेव्हा शिक्षणाच्या बाबतीत तिला कधी नाही न म्हणणारे गुरुजी फोनवर कडाडले. “ते नाही कराचं! वर्ग एकची तयारी कर. असल्या पोट्ट्याईत कशाले जिंदगी घालवतं?”

बाबांना हे नवीन आहे, समजत नसेल, असं तिला वाटलं. बी.एड. होताच तिने विशेष शिक्षणाला प्रवेश घेतला. तेव्हापासून गुरुजी तिच्याशी कामापुरतंच बोलत.

आता ओसरीवर तिने पुठ्ठे बाजूला ठेवले.

“दादा, तू ढ नाहीस. कधीच नव्हता. अक्षरं ओळखाची तुही रीत वेगळी आहे, इतकंच. तुले त्या रीतीनं शिकवाले पाहिजे होतं.”

कुलदीपला ते नीट समजायला वेळ लागला. “म्हणजे मले आलं असतं?”

“हो.”

“मार न खाता?”

“हो रे, दादा. आताबी येईन. मी शिकवतो तुले.”

तो हसला. लहान पोरासारखा, तोंडभर. बाबांकडे वळून म्हणाला, “बाबा, ऐकलं का? मी ढ नाही.”

पेपर हलला नाही. दामिनीला बाबांची कीव आली. ती घाईने म्हणाली, “दादा, बाबावर राग नको धरू. त्या काळी मास्तरलोकाईले हे माहीतच नव्हतं. त्याईले कोणी शिकवलंच नव्हतं.”

“राग कायचा?” कुलदीप म्हणाला. “माहीत नव्हतं त्याईले.”

गुरुजींनी पेपरची घडी घातली. आवाजात अपमान झाल्याची धार होती.

“सारी उमर मास्तरकी केली म्या. मले माहीत नव्हतं असं म्हणू नको, दामिनी. छिंदवाड्याले ह्याचीच ट्रेनिंग झाली होती. हा तिसरीत होता तवा. परत आल्यावर वर्गातले आणखी दोन पोट्टे म्या ओळखले. दोघाईले वाचाले शिकवलं. एक आज कोर्टात बाबू आहे.”



“अन् मी?” कुलदीपने विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

“त्या पोट्ट्याईच्या मायबापाले बोलावून सांगा लागलं, का तुमच्या पोरात जन्माचा दोष आहे, घराण्यातूनच आलेला. तुले तसं शिकवलं असतं, तं मास्तरच्याच पोरात दोष आहे म्हणून गावभर झालं असतं,” ते म्हणाले. “ढ म्हटलं, तं दोष तुह्या एकट्याचा होता.”